नात्याच्या रकान्यातली रेघ

३ मार्च, मंगळवार

दादा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे पत्र तू आधी दोन-तीन दिवस कपाटावर ठेवून दिलं असशील. हरकत नाही. सात वर्षं गेली तिथे तीन दिवसांचं काय. पत्ता वहिनीकडून घेतला. ती देत नव्हती, मीच गळ घातली, तेव्हा तिच्यावर डोळे वटारू नकोस.

कामाचं सांगते. तुझी गाडी इथे आहे.

तू म्हणशील, माझी कुठली गाडी, मी तर ती सात वर्षांपूर्वीच बेकरीवाल्यांना विकून मोकळा झालो. तू झालास, गाडी झाली नाही. बाबांची नजर अधू झाल्यावर त्यांनी ती तुझ्या नावावर करून दिली, आणि पुढे बेकरीवाल्या काकांनी ती स्वतःच्या नावावर करून घेतलीच नाही. आज जाऊ, उद्या जाऊ, भट्टी सोडून कसं जाऊ, असं करत सात वर्षं काढली. विम्याचा हप्ता मात्र दर वर्षी न चुकता भरला, तोही तुझ्याच नावाने. थोडक्यात, गेली सात वर्षं तू या गावात रोज पहाटे पाव पोचवत हिंडतो आहेस आणि तुला त्याचा पत्ता नाही.

आता ती गाडी मी घेते आहे. निव्वळ योगायोग. मला गाडी हवी होती, काकांना मोठी गाडी घ्यायची म्हणून ही काढायची होती. गुरुवारी ती दुपारभर सावलीत उभी असते, तेव्हा नीट बघून घेतली. पाठीमागच्या दाराला तो पोचा अजून आहे.

गाडी कशाला हवी, तेही सांगते. चष्म्याच्या दुकानात बसून मला वीस वर्षं झाली. आता आरोग्य केंद्राने आजूबाजूच्या अकरा वृद्धाश्रमांत जाऊन डोळे तपासायचं काम देऊ केलं आहे, एक मेपासून. अट अशी की गाडी माझ्या नावावर हवी आणि तिचा विमा चालू हवा. अटीत तसं गैर काही नाही. तपासणीची पेटी, काचांचे ट्रे आणि अक्षरांचा तक्ता घेऊन मी एकदा बसने जाऊन बघितलं. कंडक्टरने तक्त्याचं वेगळं तिकीट फाडलं.

आता गोम ऐक. जुना विमा तीस एप्रिलला संपतो. विमावाला म्हणतो, आधी गाडी तुमच्या नावावर होऊ द्या, मग विमा तुमच्या नावाने करतो. वाहन कार्यालयातल्या चार नंबरच्या खिडकीवरच्या बाई म्हणतात, विमा चालू असेल तरच गाडी नावावर करू. म्हणजे कोंबडी आधी की अंडं आधी. जे काही व्हायचं ते जुना विमा जिवंत आहे तोवर, तीस तारखेच्या आत झालं पाहिजे. ते हुकलं तर दोन्ही दारं बंद आणि काम दुसऱ्याला.

आणि बेकरीवाले काका कागदावर कुठेच नसल्यामुळे विकणारा तू, घेणारी मी. सोबत फॉर्म जोडला आहे. तीन ठिकाणी पेन्सिलीने फुल्या केल्या आहेत, तिथे सह्या करायच्या. बाकीचे रकाने भरायला तुला कोणी शिकवायला नको.

फोन करणार होते. पण आपला शेवटचा फोन आठवला. कागद निदान कोणी मध्येच आदळत नाही.

पत्राच्या शेवटी 'लोभ असावा' लिहायची पद्धत आहे. लोभाचं राहू दे, सही असावी.

धाकटी

१४ मार्च, शनिवार

दादा,

फॉर्म आला नाही. पोस्टाला दोष देऊन आठ दिवस काढले, आता पोस्टालाही वाईट वाटायला लागलं असेल.

घाई करायला हे लिहीत नाही. म्हणजे घाई आहेच, पण आज एक गंमत झाली ती तुला सांगितल्याशिवाय राहवेना.

कागद बघायला म्हणून बेकरीत गेले होते. तिथे भट्टीच्या बाजूच्या भिंतीवर वाढदिवसाची सात कार्डं ओळीने चिकटवली आहेत. सगळ्यांवर फुलं, सोनेरी अक्षरं आणि तुझं नाव. विमा कंपनी दर वर्षी गाडीच्या मालकाला कार्ड पाठवते. हप्त्याची आठवण वेळेवर मिळावी म्हणून काकांनी पत्ता बेकरीचा देऊन ठेवलेला, त्यामुळे कार्डंही तिथेच येतात. बेकरीवाल्या काकूंना ती टाकवत नाहीत. त्यांनी तुला फक्त एकदा पाहिलं आहे, गाडीची किल्ली द्यायला आलास तेव्हा. तरी मला विचारतात कशा, "यंदा त्यांना त्रेपन्नावं लागेल ना? तब्येत बरी असते ना?"

मी म्हटलं, हो, बरी असते. मला काय माहीत बरी असते की नाही. आणि त्रेपन्न ऐकून मी मनातल्या मनात वर्षं मोजली, ती बरोबर निघाली. सख्ख्या बहिणीला मोजावं लागलं आणि त्या बाईला पाठ होतं. मला स्वतःची लाज वाटली.

विमावालाही भेटला. गोल चेहऱ्याचा, कायम हसतमुख माणूस, आणि बोलतो ते फक्त अपघात, पूर, आग आणि झाड पडणं यांविषयी. तुझ्यावर फार खूश आहे. सात वर्षांत तुझ्या नावावर एकही क्लेम नाही. "असा ग्राहक आमच्याकडे दुसरा नाही," म्हणाला. मी म्हटलं, तो ग्राहक गाडीपासून अकरा तासांच्या अंतरावर राहतो, अपघात करील कसा. त्यावर तो मनापासून म्हणाला की सगळ्यांनी असंच राहायला हवं.

आमच्या ह्यांना गाडीतलं फक्त दार कळतं, त्यामुळे चालवायला मीच शिकले. गेल्या वर्षी परवाना काढला. बाबांनी तुला शिकवलं आणि मला म्हणाले, तू शिडी धर. पाट्या रंगवणाऱ्याच्या घरी शिडी धरायला कोणीतरी लागतंच, ते कळत होतं, तरी राग यायचा. तो तुझ्यावर काढायची, तेवढंच मला जमायचं.

फॉर्म पाठव.

धाकटी

२६ मार्च, गुरुवार

दादा,

फॉर्म मिळाला. सोबत पत्र शोधलं, पाकीट उलटं करून झटकलं, उजेडात धरलं. नुसताच फॉर्म.

भरला आहेस मात्र असा की चौकटीत लावावा. सतरा खुणांचा तो चेसिस क्रमांक, एक आकडा इकडे नाही की तिकडे नाही. तारीख, वेळ, शाईसुद्धा कार्यालयाला हवी तीच. आयुष्यभर दुकानदारांचे वजनकाटे तपासणाऱ्या माणसाकडून मला तीच अपेक्षा होती. तिन्ही सह्या फुल्यांवर आहेत आणि फुल्या तू खोडरबरने पुसल्याही आहेस.

आणि 'विकणाऱ्याचे घेणाऱ्याशी नाते' या रकान्यात रेघ. पट्टी लावून मारलेली, सरळ.

मी ती रेघ बघत बसले. मग चहा केला. चहा पिताना पुन्हा बघितली. ह्यांनी विचारलं काय झालं, म्हटलं काही नाही, दादाचा फॉर्म आलाय. ते म्हणाले, मग चांगलंच झालं की. हो म्हटलं.

वाईट वाटलं, लपवत नाही. रकाना मोकळा सोडला असतास तर विसरलास असं म्हटलं असतं. रेघ विसरून मारता येत नाही.

असो. सही मागितली होती, सही दिलीस, वेळेत दिलीस. त्याचे आभार मानायला हवेत ते मानते. पुढच्या आठवड्यात कार्यालयात नेऊन देते. एवढ्याशा रेघेचं त्यांना काय.

धाकटी

२ एप्रिल, गुरुवार

दादा,

एवढ्याशा रेघेचं त्यांना फार काही आहे. तुझ्या त्या रेघेने मला आज चोर ठरवलं.

नीट सांगते. चार नंबरच्या बाई म्हणजे नाकाच्या टोकावर चष्मा, उजव्या काचेला ओरखडा, आणि कागद हातभर लांब धरून वाचायची सवय. वाचायचा नंबर वाढलाय हे मला बघताक्षणी कळलं, त्यांना अजून कोणी सांगितलेलं नाही. त्यांनी फॉर्म लांब धरला, मग आणखी लांब धरला, आणि मला विचारलं, "ही सही कोणाची?"

"विकणाऱ्याची."

"आणि ही खालची?"

"माझी."

"दोन्ही एकाच हाताच्या आहेत."

मी वाकून बघितलं. लग्नानंतरही मी माहेरचंच आडनाव लावते, हे तुला माहीत आहे. तेव्हा आडनाव तेच. शेवटच्या अक्षराची ती लांब शेपटी तीच. खाली जाड रेघ आणि तिच्याखाली दोन टिंबं, तीच. आणि ह्यात तुझी चूक नाही की माझी नाही. आठवतंय ना, बाबांनी आपल्याला रद्दी पेपरवर ब्रशने सही गिरवायला लावली होती? सही म्हणजे माणसाची पाटी, रस्त्यापलीकडून वाचता आली पाहिजे, म्हणायचे. तू अकरा वर्षांचा, मी सहा. दोघांनी एकाच पाटीवरून उतरवली आणि तीच आयुष्यभर वापरली.

पण हे बाईंना कसं कळणार. त्या म्हणाल्या, "नातं काही नाही, आडनाव एक आणि सहीसुद्धा एक. मी इथे एकोणीस वर्षं बसते आहे, बाई."

मी म्हटलं, अहो, तो माझा भाऊ आहे. सख्खा.

"मग इथे रेघ का?"

मागे रांग, सगळे कान टवकारून. शेवटी म्हटलं, "आमच्या घरी कमी बोलतात." रांगेतला एक जण हसला. बाई हसल्या नाहीत. तुम्ही भाऊ म्हणून चालत नाही, त्यांनी बहीण म्हणायला हवं, असं म्हणून त्यांनी फॉर्मवर 'सहीबाबत संशय' असा शिक्का मारला. असा वेगळा शिक्का त्यांच्याकडे असतो, हे मला आजच कळलं. आता मालकाने त्यांच्या समोर सही करायची आणि नात्याचा रकाना भरायचा. त्या पुढे आणखीही काहीतरी सांगत होत्या, पण मागे रांगेत गोंगाट चालला होता.

म्हणजे तुला यावं लागेल. अकरा तासांचा प्रवास आहे, मला माहीत आहे. तीस तारखेच्या आत. दुसरा काही मार्ग असता तर मी तुला त्रास दिला नसता.

घरी आल्यावर हे शिक्का बघून इतके हसले की त्यांना ठसका लागला. म्हणाले, सात वर्षं बोलत नाही आणि सही एकमेकांची करतात. मग मलाही हसू आलं. तुला आलं तर वहिनीसमोर दाबू नकोस.

धाकटी

११ एप्रिल, शनिवार

दादा,

तुझं पत्र मिळालं. आधी म्हटलं मोजून बघू. चार ओळी, त्यातली एक तारीख. 'पत्र मिळाले. मार्चअखेरची तपासणी लांबली आहे. रजा मिळणे कठीण. बघतो.' इतकं त्रोटक तर माझ्याकडे येणारे आजोबा अक्षरांचा तक्ताही वाचत नाहीत.

पण पत्र आलं. सात वर्षांत पहिलं. ते मी दुकानातल्या गल्ल्याशेजारी काचेखाली ठेवलं आहे. गिऱ्हाईक विचारतं, तेव्हा सांगते, भावाचं पत्र आहे.

'बघतो' म्हणजे तू येणार नाहीस, असं धरून आज दोन गोष्टी लिहून टाकते. आल्यावर तोंडाने बोलायचा धीर झाला नसता, त्यामुळे तेही बरंच आहे.

पहिली गोष्ट लहान. गाडी योगायोगाने मिळाली असं मी लिहिलं, ते खोटं. तीन वर्षांपूर्वी एका गुरुवारी ती बाजाराच्या कोपऱ्यावर दिसली. लांबूनच ओळखली. त्यानंतर दर गुरुवारी जात आले. जाऊन नुसतं उभं कसं राहायचं, म्हणून पाव घ्यायचे. आम्ही दोघं माणसं, आमच्याकडे पाव शिळा होऊन जायचा. काकूंना वाटायचं त्यांच्या पावाची कीर्ती पसरली आहे. काका गाडी विकतात हे कळलं त्या दिवशी मी पाव न घेताच पैसे देऊन आले.

दुसरी गोष्ट लहान नाही. बाबा गेल्यावर आठवड्यात तू गाडी विकलीस आणि मला दुसऱ्याकडून कळलं. मी फोन केला आणि म्हटलं, बाबांना दवाखान्यात न्यायला तुला उशीर झाला, गाडी विकायला बरा उशीर झाला नाही.

तू काही न बोलता फोन ठेवलास. तो तू आदळलास असं मी सात वर्षं सगळ्यांना सांगत आले, पहिल्या पत्रात तुलाही तसंच ऐकवलं. तू आदळला नव्हतास. हळूच ठेवला होतास.

मला ते खरं वाटत नव्हतं, दादा. तेव्हाही नाही. कोणावर तरी ओरडायचं होतं आणि लहानपणापासून त्यासाठी मला तूच सापडायचास. ते वाक्य परत घेता येत नाही, एवढं मला कळतं. पण मी ते बोलले आणि ते चुकीचं होतं, हे कागदावर माझ्या अक्षरात तुझ्याकडे असावं, म्हणून लिहिलं.

गाडीचं व्हायचं ते होईल. आरोग्य केंद्राला मी सांगून ठेवलं आहे की कदाचित जमणार नाही.

धाकटी

२० एप्रिल, सोमवार

दादा,

'२८ ला सकाळी पोचतो. २९ ला परत.'

एवढंच लिहिलंस आणि मी दुकानात एका गिऱ्हाइकाला दुसऱ्याचा चष्मा देऊन बसले. गृहस्थ तो लावून रस्त्यापर्यंत गेले आणि परत येऊन म्हणाले, जग फार जवळ आलंय.

ओळखपत्र आण. जुन्या सहीचा एखादा कागद असला तर तोही आण. बस स्टँडवर मी घ्यायला येते. गाडी घेऊन येते. काकांनी एका दिवसासाठी किल्ली दिली आहे. मी नीट चालवते. जरा डावीकडे जाते, पण नीट चालवते.

वहिनीला विचार, अजून तुला चहात साखर लागते का. तू खरं सांगणार नाहीस.

धाकटी

३० एप्रिल, गुरुवार

दादा,

तू काल गेलास आणि मी आज लिहायला बसले आहे. जे घडलं ते तुझ्यासमोरच घडलं, तरी लिहिते. काही गोष्टी तोंडी झाल्या की त्यांना कोणी पुरावा मागितला तर दाखवायला काही नसतं.

तू बसमधून उतरलास तेव्हा मला आधी तुझे केस दिसले. पांढरे. तूही माझ्याकडे तसाच बघत होतास. मग गाडीजवळ आलास, मागचं दार उघडलंस आणि बॅग मांडीवर घेऊन मागे बसलास. मला राग आला. म्हटलं, मी काय टॅक्सीवाली आहे? पुढे बस.

तू म्हणालास, "मागेच बरं आहे."

दोन चौक गेले, आणि तू मागून माझ्या शेजारच्या रिकाम्या सीटकडे बघत बोलायला लागलास. "बाबा तिथे गेले. दवाखान्यात नाही. सिग्नलला. मी त्यांना सांगत होतो, आलोच, दोन मिनिटं. दवाखान्यात जी वेळ लिहिली आहे ती वीस मिनिटांनंतरची आहे." मग म्हणालास, "ती सीट मला बघवत नव्हती. म्हणून विकली. तुला सांगितलं असतं तर तू कारण विचारलं असतंस."

मी गाडी बाजूला घेतली. कशी घेतली ते तुला माहीत आहे, एका फाटकाच्या तोंडाशी, आणि मागून ट्रकवाल्याने हॉर्न वाजवायला सुरुवात केली. त्या आवाजात मी जे म्हटलं ते तुला ऐकू आलं की नाही, कोण जाणे. मी म्हटलं, मला माफ कर. तू त्यांच्यासोबत एकटा होतास आणि मी तुला उशिराचा हिशेब विचारला. मला माफ कर, दादा. आता हॉर्न नाही, तेव्हा वाचशील.

कार्यालयात आपण दीड तास रांगेत होतो. तिथे तू तराजूच्या पारड्यांबद्दल जेवढं बोललास, तेवढं तू माझ्याशी आयुष्यात कधी बोलला नव्हतास. दुकानदार पारड्याखाली मेण कुठे लावतात हे आता मला आणि पुढच्या-मागच्या पाच माणसांना माहीत आहे.

चार नंबरच्या बाईंनी तुझी सही समोर करून घेतली, मग माझी. दोन्ही लांब धरून बघितल्या आणि पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. मग त्यांनी रकान्यावर बोट ठेवून तुला विचारलं, इथे गेल्या वेळी रेघ का मारली होती. मी जमिनीकडे बघत होते. तू तुझ्या त्या तपासनीसाच्या आवाजात सांगितलंस, "जी माहिती खात्रीची नाही तिथे रेघ मारायची, असा आमच्या खात्याचा नियम आहे."

"आणि आता खात्री आहे?"

तू उत्तर रकान्यात लिहिलंस. 'सख्खी बहीण.' रकाना लहान, शेवटचं अक्षर चौकटीबाहेर गेलं. बाई म्हणाल्या, नुसतं बहीण पुरतं. तू म्हणालास, "असू द्या." चौकटीबाहेर गेलेलं अक्षर तू तसंच राहू दिलंस, हे मला फार झालं. मी पाणी प्यायला म्हणून बाहेर गेले ते त्यामुळे.

आणि बाहेर येऊन तू आपणहून पुढे बसलास. घरापर्यंत तुझा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत होता, मला सगळं दिसत होतं. 'डावीकडे जातेयस' हे तू नऊ वेळा म्हणालास. बेकरीत काकूंनी तुला आठवं कार्ड दिलं तेव्हा तुझा चेहरा जो झाला, तो सांगून ह्यांनी आज सकाळपर्यंत दोन शेजाऱ्यांना हसवलं आहे.

आता आजचं. गाडीचं पुस्तक आणायला सकाळी कार्यालयात गेले. पुस्तकावर माझं नाव आहे. तिथून ते घेऊन थेट विमावाल्याकडे गेले आणि दुपारी पॉलिसी हातात पडली. जुना विमा संपायला आठ-नऊ तास उरले होते. विमावाल्याने मला शुभेच्छा म्हणून गारपिटीत काय काय होतं ते सांगितलं. उद्या पहिला वृद्धाश्रम. पेटी, ट्रे आणि तक्ता गाडीत ठेवून झाले आहेत, तक्त्याला तिकीट नाही.

पण एक राहिलं. सकाळी पुस्तक देताना चार नंबरच्या बाईंनी सहज विचारलं, "तुमचे बंधू एवढ्या लांबून कशाला आले? त्यांच्या गावच्या कार्यालयात सही करून पाठवली असती तरी चाललं असतं. मी तुम्हाला त्याच दिवशी सांगितलं होतं की."

हो, दादा. सांगितलं होतं. गोंगाट वगैरे काही नव्हता, मला शब्दन्‌शब्द ऐकू आला होता. मी तुला लिहिलं नाही. हे आज कबूल करायचं ठरवूनच मी पत्र लिहायला घेतलं होतं आणि पानभर दुसरंच लिहीत बसले.

मी बाईंना काहीतरी पुटपुटले की त्याला माहीत नसेल. तर त्या म्हणाल्या, माहीत नसेल कसं, संशयाचा शिक्का पडला की मालकाला आमचं पत्र जातंच, त्यात दोन्ही मार्ग लिहिलेले असतात. आणि त्यांनी फाइल उघडून पोचपावती दाखवली. पत्र तुला सहा एप्रिलला मिळालं आहे. खाली तुझी सही आहे.

सहा एप्रिल. म्हणजे 'बघतो' लिहिलंस तेव्हाही तुला माहीत होतं. घरापासून दोन रस्ते चालला असतास तर काम झालं असतं, हे ठाऊक असताना तू रजेसाठी अर्ज केलास, अकरा तास बसमध्ये बसलास, माझं माप खोटं आहे हे कळूनही एक अक्षर बोलला नाहीस, आणि जाताना वर मलाच म्हणालास, "बरं झालं, यावंच लागलं."

बाईंच्या खिडकीसमोर मी हसत होते की रडत होते, मला सांगता येणार नाही. रांगेने मला पुढे जागा करून दिली. मी त्यांना म्हटलं, तुमचा वाचायचा नंबर वाढलाय, दुकानात या, मी फुकट तपासून देते.

तर आता कागद सगळे झाले. गाडी माझी, विमा माझा, तुझ्या सहीचं कुठेच काम उरलेलं नाही. तुला बोलवायला माझ्याकडे एकही खोटं निमित्त शिल्लक नाही.

तसाच ये.

धाकटी